तुम्ही विचारलंत म्हणून: ‘माहिती क्रांती’त नेमकं काय बदललं?

मी संगणक शिकवते, त्यामुळे हा प्रश्न वर्गात आणि वर्गाबाहेरही येतो: ‘माहिती क्रांती’ या शब्दाला खरंच काही अर्थ आहे, की तो भाषणापुरताच?

अर्थ आहे. पण ‘माहिती फार वाढली’ एवढाच घेतला तर शब्द वाया जातो. माहिती छापखाना आल्यापासून वाढतेच आहे. १८४४ मध्ये मोर्स यांची तार वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला गेली, तेव्हा निरोपाने आगगाडीलाही मागे टाकलं. पण त्या तारेतून आवाज जात नव्हता आणि पुढे आलेल्या ग्रामोफोनच्या तबकडीत चित्र मावत नव्हतं. प्रत्येक माहितीचं भांडं निराळं.

१९४८ मध्ये अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी सगळ्या निरोपांना एकच माप लावलं: बिट, म्हणजे शून्य किंवा एक. आपला ‘क’ घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याचा क्रमांक २३२५. असे क्रमांक बिटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीत तो असा साठवतात: १११००००० १०१००१०० १००१०१०१. चोवीस बिट. गाणं, क्ष-किरणांचं चित्र, खात्यातली शिल्लक, सगळं याच शून्य-एकांत मांडता येतं, म्हणून एकच यंत्र सगळ्याला पुरतं. शिवाय झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर पुसट होतं; बिटांची हजारावी प्रत मात्र पहिलीइतकीच स्वच्छ, आणि ती काढायला खर्च जवळजवळ शून्य. क्रांती म्हणते ती मी या बदलाला. शब्द उपयोगी पडतो तोही इथेच: वर्तमानपत्रं, संगीत, बँका एकाच वेळी का ढवळून निघाल्या, हे त्याने उलगडतं.

जे त्यात नाही, तेही सांगायला हवं. निरोपाचा अर्थ काय, हा प्रश्न अभियांत्रिकीपुरता गैरलागू आहे, असं शॅनन यांनी त्याच निबंधात स्पष्ट लिहिलंय. खरी आणि खोटी बातमी तारेला सारखीच. ‘सगळं फोनवर मिळतं, मग शिकायचं कशाला?’ असं मुलं म्हणतात, तेव्हा मला मनापासून काळजी वाटते.

एकदा वर्गात फिरत आलेला औषधाचा एक मेसेज आम्ही तपासायला घेतला. खरा की खोटा, हे उत्तर साठवायला एक बिट पुरतो. ते शोधायला आमचा अख्खा तास गेला, आणि मुलं मधल्या सुट्टीतही उठली नाहीत.