घोगरा, शिंगटी आणि कर्नल सायक्स

माझे आजोळ भीमेकाठचे. पावसाळा सरला की मामा बाजारातून घोगरा हा मासा आणत असे आणि आजी त्याचे काटे सांभाळून साफ करायला बसत असे. पुढे अनेक वर्षांनी माशांच्या एका शास्त्रीय सूचीत ‘रीटा गोग्रा’ हे नाव वाचले आणि तो आमचाच घोगरा आहे हे कळल्यावर मी थबकलो. लॅटिन वळणाच्या त्या नावात आजीच्या तोंडचा शब्द जवळजवळ जसाच्या तसा होता.

तो तेथे पोहोचवला कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी. 1790 मध्ये जन्मलेल्या या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने 1824 मध्ये दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावोगावची लोकसंख्या, पिके आणि हवामान यांच्या नोंदी घेता घेता त्यांनी पक्षी व मासेही अभ्यासले. भीमा, मुळा-मुठा आणि इंद्रायणी या नद्यांतील माशांची वर्णने त्यांनी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली आणि ती 1839 च्या सुमारास छापली गेली. त्या काळी नव्या प्राण्याला एखाद्या मित्राचे किंवा वरिष्ठाचे नाव देण्याची रीत होती. सायक्स यांनीही ती अधूनमधून पाळली, परंतु बहुतेक माशांना मात्र त्यांनी नदीकाठी ऐकलेली मराठी नावेच दिली. शिंगटी ‘सींगटी’ झाली, मल्या ‘मुल्या’ झाला, आणि पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला दख्खनचा महासीर, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा खवलेदार मासा, ‘खुद्री’ म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला.

ही नावे म्हणजे निव्वळ स्थानिक रंग नव्हे, हे मला उशिरा समजले. नव्या जातीचे वर्णन करणारा शास्त्रज्ञ मूळ नमुना संग्रहालयात जपून ठेवतो आणि पुढे शंका आली की तो नमुनाच साक्ष देतो. सायक्स यांच्या बहुतेक माशांचे असे नमुने आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे त्यांचा मासा नेमका कोणता हे ठरवायचे तर त्यांचे त्रोटक वर्णन, असेल तेथे चित्र, मासा सापडल्याचे ठिकाण आणि ते मराठी नाव एवढाच आधार उरतो. ‘मुसल्ला’ नावाच्या माशाबाबत हा घोळ फार काळ चालला. कावेरीतल्या पाठीवर उंचवटा असलेल्या प्रचंड महासीरलाच कित्येक दशके हे नाव लावले जात होते आणि सायक्स यांचा मासा त्याहून वेगळ्या प्रजातीतला असल्याचे बऱ्याच उशिरा मान्य झाले.

सुंदरलाल होरा यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. 1896 मध्ये पंजाबातील हाफिजाबाद येथे जन्मलेले होरा पुढे कलकत्त्याच्या प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. डोंगरी ओढ्यांच्या वेगवान प्रवाहात खडकाला चिकटून राहणाऱ्या माशांचे त्यांनी केलेले अभ्यास प्रसिद्ध आहेतच. हिमालयाकडील मासे सातपुड्याच्या रांगेने पश्चिमेकडे सरकत सह्याद्रीत उतरले असावेत, हे त्यांचे गृहीतक आज जसेच्या तसे स्वीकारले जात नाही, तरीही सह्याद्रीतील माशांकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलली यात शंका नाही. मला मात्र त्यांचे आणखी एक काम अधिक जवळचे वाटते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ म्हणून गळाने मासे धरण्यावर एक प्रकरण आहे. त्यातली जुनी नावे आजच्या कोणत्या माशांची असतील, याचा शोध होरा यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात घेतला.

याच होरांचे नाव मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1940 मध्ये मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील एका माशाला दिले. ‘होराइक्थिस सेत्नाई’ हा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा, जवळजवळ पारदर्शक मासा खाडीच्या पाण्यात राहतो. त्याच्या नराचा गुदपर, म्हणजे गुदद्वारामागचा पर, शुक्राणूंच्या पुड्या मादीला चिकटवण्यासाठी विलक्षण रीतीने बदललेला असतो आणि त्या पुड्यांना बारीक काटे असतात. एवढ्याशा जिवाची शरीररचना आणि वाढ कुलकर्णींनी ज्या चिकाटीने मांडली, तिच्याविषयी मला अपार आदर आहे. पुढे 1952 मध्ये त्यांनी पंचगंगेतील एका माशाचे वर्णन केले. इतर माशांची खवले ओरबाडून खाणाऱ्या या माशाला त्यांनी ‘खवलचोर’ असेच शास्त्रीय नाव दिले. सायक्स यांनी मराठी शब्द ऐकून इंग्रजी कानांनी लिहिला होता, तर कुलकर्णींना तो मुळातूनच आपला होता. नंतर दख्खनच्या महासीरच्या अंड्यांचा व पिलांच्या वाढीचाही त्यांनी अभ्यास केला आणि लोणावळ्याला त्याची पैदास करण्याच्या कामात भाग घेतला.

गेल्या हिवाळ्यात भिगवणला गेलो होतो. उजनीच्या पाण्यातून आलेल्या टोपल्यांत बहुतेक चिलापीच, म्हणजे तिलापिया मासळीच, होती. एका म्हाताऱ्या मच्छिमाराला घोगऱ्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी टोपलीच्या तळाशी हात घालून दोन शिंगट्या वर काढल्या आणि बोलता बोलता आणखी तीन माशांची नावे सांगितली. ती तिन्ही मी त्यांच्या उच्चाराप्रमाणे वहीत लिहून घेतली आहेत. सायक्स यांच्या यादीतील नावांशी ती ताडून पाहण्याचे काम सध्या चालू आहे.