परसातलं कोईचं तळं आणि रॅकून : न्यू जर्सीतला माझा अनुभव

तळ्यातले कोई (शोभेचे रंगीत जपानी मासे) कमी झाले की उपाय शोधण्याआधी चोर कोण ते ठरवावं, कारण इथे न्यू जर्सीत परसातल्या तळ्यावर डोळा असणारे तिघे आहेत. मोठा निळा बगळा पहाटे येतो, मासा अख्खा गिळतो. तळं जसंच्या तसं दिसतं, फक्त मासे कमी. मिंक (मुंगसासारखा लांबट प्राणी) पाण्यात शिरून पाठलाग करतो आणि एकामागून एक मासे उचलून नेतो. रॅकून (डोळ्यांवर काळा पट्टा असलेला, रात्री फिरणारा केसाळ प्राणी) मात्र पसारा करून जातो: कमळाच्या कुंड्या उलथलेल्या, पंपाचा पाइप ओढलेला, काठावर खवले आणि अर्धवट खाल्लेला मासा, सपाट दगडांवर पाच बोटांचे चिखलाचे ठसे. बगळ्यासाठी लावलेली नायलॉनची दोरी रॅकूनला काहीच करत नाही. म्हणून हा तपास आधी.

रॅकूनला पोहता येतं, पण पोहत पोहत मासे धरणं त्याचं काम नाही. तो उथळ पाण्यात उभा राहतो आणि पुढच्या पंजांनी चाचपत शिकार शोधतो. तळं बांधायच्या जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात पाणवनस्पतींसाठी काठालगत फूटभर रुंद, फूटभर खोल पायरी ठेवायला सांगतात. ती पायरी म्हणजे रॅकूनसाठी मांडलेला पाट. मी पायरी ठेवलेलीच नाही. तळं १० बाय ८ फूट, खोली ३ फूट, कडा सरळ उभ्या, पाणी साधारण १,८०० गॅलन. मध्य जर्सीच्या लालसर चिकण मातीत उभी कड टिकते. दक्षिणेकडच्या वाळूच्या जमिनीत ती ढासळते, तिथे आतून काँक्रीट ब्लॉकची भिंत घ्यावी लागते. लाइनर, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून आत अंथरायचं कापड, ४५ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं रबराचं, १८ बाय १६ फूट. हिशोब सोपा आहे: लांबी अधिक खोलीची दुप्पट अधिक दोन फूट, रुंदीलाही तसंच. खणण्याआधी टाउनशिपला तळ्याभोवतीच्या कुंपणाचे नियम विचारावेत.

काठाचे दगड आत ३-४ इंच पुढे येतील असे बसवले आणि पाण्याची पातळी त्यांच्या खाली ६ इंच ठेवली. दगड सिमेंटने पक्के करायलाच हवेत, सुटा दगड रॅकून सहज उलथतो. कमळं तळाशी विटांवर ठेवलेल्या कुंड्यांत. एक गोष्ट लोक विसरतात: उभ्या काठाच्या तळ्यात पडलेली खार किंवा चिपमंक (खारीसारखाच छोटा पट्टेरी प्राणी) बाहेर येऊ शकत नाही. त्यासाठी एका कोपऱ्यात ४ इंच रुंदीची खरखरीत फळी तिरकी टाकली आहे. 

जुन्या तळ्याला पायरी असेल तर ती दगडांनी भरून काढता येते, पण दगड पाण्याच्या वरपर्यंत आले पाहिजेत. अर्धवट भरली तर उलट उभं राहायला आणखी सोय.

माशांना लपायला तळाशी ८ इंच व्यासाचे, ३ फूट लांबीचे पीव्हीसी पाइप ठेवले, दोन्ही तोंडं उघडी. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या, नाहीतर कोईच्या अंगावर ओरखडे येतात. लांबी कमी करू नये. फूटभराच्या तुकड्यात पंजा दोन्ही बाजूंनी पोचतो. नवे सिमेंटचे ब्लॉक गुहा म्हणून सरळ पाण्यात सोडले की त्यातला चुना उतरून पाण्याचा पीएच चढतो. ते आधी पाणी बदलत भिजवून घ्यावेत.

आता तार, म्हणजे आपल्याकडे शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात ते. माझ्या मते बाकी सगळ्या उपायांत हाच एक रॅकून विसरत नाही. पण आधी टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसात विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी निवासी भागात विजेच्या कुंपणाला बंदी असते. परवानगी असेल तर दोन तारा लावायच्या, जमिनीपासून ६ आणि १२ इंचांवर. फायबरग्लासचे खांब ६ ते ८ फुटांवर, उंचसखल जागी आणखी जवळ, म्हणजे खालून घुसायला फट राहत नाही. मशीन प्रमाणित, बाजारात मिळणारंच. घरच्या १२० व्होल्टच्या लाइनला तार जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. साधारण सेकंदाला एक ठोका मारणारं, पाव ज्यूलचं छोटं मशीन पुरतं. टेस्टरवर ३,००० व्होल्टच्या खाली आकडा आला की काहीतरी गळतंय असं समजायचं. बहुधा गवत तारेला लागलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसतं ते अर्थिंग. झटका बसतो तो तारेतून प्राण्याच्या अंगातून जमिनीत करंट उतरला तरच. तळ्याभोवती फरसबंदी किंवा कोरडं मल्च (मातीवर पसरलेल्या लाकडाच्या ढलप्या) असेल, खाली लाइनरची किनार पसरलेली असेल, तर रॅकून जणू रबरी चपला घालूनच उभा असतो आणि तार नुसतीच शोभेची. म्हणून तार दगडांवर न लावता त्यांच्या बाहेर, हिरवळीवर, काठापासून दोन फुटांवर लावली. जागाच नसेल तर खालची तार अर्थिंगला आणि वरची मशीनला जोडायची. दोन्हींना एकदम स्पर्श झाला की झटका बसतो. अर्थिंगसाठी ६ फुटी गॅल्व्हनाइज्ड सळई पूर्ण ठोकायची, घराच्या अर्थिंगला ती जोडायची नाही. उन्हाळ्यात पाऊस लांबला की सळईपाशी बादलीभर पाणी ओतावं लागतं.

केसाळ अंगाला झटका नीट लागत नाही, ओल्या नाकाला लागतो. सुरुवातीच्या रात्री तारेवर ॲल्युमिनियम फॉइलच्या घडीत थोडं पीनट बटर लावलं की तो आधी नाकच पुढे करतो. टायमर लावून मशीन अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंतच चालू ठेवायचं. परसात लहान मुलं खेळत असतील तर पिवळी सूचनापाटी हवीच.

तारेला परवानगी नसेल तर चौकटीची जाळी. पाण्यावर सैल टाकलेली नायलॉनची जाळी पानं अडवायला ठीक, रॅकूनच्या वजनाने ती पाण्यात झोळीसारखी खचते आणि त्यात साप, बेडूकही अडकतात. १० बाय ८ च्या तळ्याला ५ बाय ४ फुटांच्या चार चौकटी बसतात, मधोमध आडव्या फळीचा आधार. लाकूड सीडरचं. प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) लाकडात तांबं असतं, ते झिरपून पाण्यात उतरलं तर माशांना घातक. वर २ बाय ४ इंची वेल्डमेश चालते, पण तिच्यातून हात आत जातो, म्हणून ती पाण्यापासून फूटभर वर असावी. तेवढी उंची नको असेल तर अर्ध्या इंचाची चौकोनी जाळी घ्यावी. चौकट बंद करायची नुसती कडी रॅकून उघडतो, तिच्यात कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात ती स्प्रिंगची कडी) अडकवावा.

हालचाल टिपून पाणी फवारणारा स्प्रिंकलर बगळ्यावर चांगला, रॅकूनला त्याची सवय होते. जागा बदलत राहिलं तर थोडे आठवडे निघतात, आणि थंडी पडायच्या आत तो रिकामा करून आत न्यावा लागतो. लुकलुकणारे लाल दिवे, रेडिओ, मिरीपूड यांवर पैसे घालू नयेत. अमोनियाचे बोळे तर तळ्याजवळ अजिबात नकोत, अमोनियाने मासेच मरतात.

आमिष मात्र आपणच ठेवतो. माशांचं खाणं क्लॅम्पवाल्या पत्र्याच्या डब्यात, पक्ष्यांचा फीडर रात्री आत. पितृपक्षात कावळ्यासाठी डेकवर ठेवलेलं पान रॅकूनच्याच वाट्याला जातं, आणि ते दिवस नेमके त्याचे थंडीसाठी चरबी साठवायचे. संध्याकाळच्या आत पान उचलावं.

पिंजरा लावून त्याला दूरच्या जंगलात सोडायचा सल्ला बरेच जण देतात. बऱ्याच राज्यांत ते बेकायदा आहे आणि कारण ठोस आहे: पूर्व किनाऱ्यावरची रॅकूनमधली रेबीजची साथ १९७७ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियात सुरू झाली, ती दक्षिणेतून आणून सोडलेल्या रॅकूनमुळे. शिवाय रिकाम्या जागी दुसरा येतोच.

रॅकून एकाच जागी विष्ठा करतो, बहुधा सपाट दगडावर किंवा डेकवर. तिच्यात गोलकृमीची अंडी असू शकतात, माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारी. ती २ ते ४ आठवड्यांत संसर्गक्षम होतात, म्हणून दिसली त्याच दिवशी हातमोजे आणि मास्क घालून उचलायची आणि जागेवर उकळतं पाणी ओतायचं. ब्लीचने ती अंडी मरत नाहीत.

हल्ला होऊन गेला असेल तर पाण्याची पातळी खुणेने तपासावी, लाइनर फाटलं असेल तर ती उतरत जाते. उरलेले मासे काही दिवस तळाशीच राहतात, खात नाहीत. तेव्हा खाणं टाकून पाणी नासवू नये. जखमी मासा वेगळ्या टाकीत, दर १०० गॅलनला अडीच पौंड बिनआयोडीनचं मीठ, हवेचा दगड (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा) चालू. मीठ तळ्यात टाकलं तर कमळं जळतात.

हिवाळ्यात बर्फाखाली तारा गाडल्या जातात तेव्हा मशीन बंद. मार्चमध्ये पाणी मोकळं होतं आणि मासे थंडीने सुस्त असतात, रॅकून मात्र भुकेला. पंप सुरू करण्याआधी तारेचा व्होल्टेज मोजायचा.