पाणी बघायला

परवा दुपारी पुण्याहून आलेल्या भाचीने मोबाइलमधून डोके वर न काढताच विचारले, "मामा, पैठणला बघण्यासारखं काय काय आहे?" मी चष्मा लावून एका पाठकोऱ्या कागदावर यादी करायला बसलो. नाथांची समाधी, नागघाट, संत ज्ञानेश्वर उद्यान, जायकवाडी धरणाचा जलाशय नाथसागर आणि वेळ उरलाच तर आपेगाव. यादी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की, यातले एकही ठिकाण पाण्यापासून फार लांब नाही. आणि भाचीने खोदून विचारलेच असते की, तुम्हाला मला नेमके दाखवायचे तरी काय आहे, तर मी 'पाणी' एवढेच सांगितले असते.

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांची ही जुनी खोड आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्र हाती आले की आधी जायकवाडी किती टक्के भरले ते वाचायचे आणि मग बाकीचे जग. पाऊस नाशिककडे पडतो आणि आनंद आम्हाला होतो. धरणाच्या 27 दरवाजांपैकी काही उघडल्याची बातमी आली की, लेकरांना दुचाकीवर पुढे-मागे बसवून माणसे 50 किलोमीटर जातात, भाजलेले कणीस खात तासभर उभी राहतात आणि परतल्यावर भेटेल त्याला सांगतात, "पाणी बघून आलो." ऐकणाराही त्यावर काही विचारत नाही.

उद्यान मी पहिल्यांदा पाहिले ते आजीबरोबर. धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी केली आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले, हे वडील एसटीत बसल्यापासून आम्हाला सांगत होते. भिंतीच्या पायथ्याची ही बाग म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर केली आहे, हेही. आमचे लक्ष मात्र आईच्या पिशवीतल्या दशम्यांकडे आणि शेंगदाण्याच्या चटणीकडे होते. हिरवळीवर बसून खाणे झाले, अंधार पडला आणि कारंजी रंगीत दिव्यांत नाचू लागली. आम्ही पोरे टाळ्या पिटत होतो. आजी बीडकडच्या कोरडवाहू गावातली. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली होती, सुकडी आणि लाल मिलो खाऊन पोरे जगवली होती. ती बराच वेळ त्या उडत्या पाण्याकडे पाहत राहिली आणि मग तिने वडिलांना हळूच विचारले, "हे पाणी पुन्हा कुठं जातं रे?"

"तेच फिरून फिरून वर येतं, आई," वडील म्हणाले. खरे काय होते, ते त्यांना तरी कुठे ठाऊक असणार? पण तेवढ्यावर आजी सैल झाली, पदर सावरून बसली आणि उरलेली अर्धी दशमी तिने खाल्ली. निघताना तांब्यात राहिलेले घोटभर पाणी तिने कुठेही फेकले नाही. दिव्याच्या उजेडात एक झाड शोधले आणि त्याच्या बुडाशी ओतले. कारंज्यांनी सगळी बाग भिजलेली असताना तिने त्या झाडाला घोटभर पाणी घातले, याचे आम्हाला तेव्हा फार हसू आले होते. आता प्रवासातल्या बाटलीत दोन घोट उरले की मीही झाड शोधतो, आणि बायको माझ्याकडे पाहून हसते.

नंतर नाथसागर कितीदा तरी पाहिला. हिवाळ्यात तिथे लांबून पक्षी येतात, हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन काठावर बसतात. मीही एकदा बसलो होतो, पण पक्षी उडून गेल्यावरही माझी दुर्बीण पाण्यावरच राहिली, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी ती विनम्रपणे परत मागून घेतली.

भाचीने यादीचा फोटो काढून घेतला आणि सकाळी लवकर निघायचे ठरवले. "पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून ने," मी तिला सांगितले. रात्री तिने बाटल्या स्वयंपाकघरात नेल्या. आमच्या नळाला येणारे पाणी त्याच नाथसागरातून येते, पण ते यायला अजून तीन दिवस होते. बायकोने पिंपात डोकावून पाहिले आणि बाटल्या अर्ध्याच भरल्या.