विहिरीवरचा कॅमेरा घरात दिसायचा तर

शेतावर कॅमेरे लावायचं ठरलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, कॅमेऱ्याची रेंज किती? मला कोणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो, कॅमेरा लावणार त्या खांबाच्या टोकावरून घराचं छत दिसतं का? दिसत असेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे. दिसत नसेल तर कितीही भारी कॅमेरा आणला तरी चित्र अडकत राहणार.

आमची विहीर घरापासून 600 मीटरवर आहे. मोटर, स्टार्टर, केबल, सगळं उघड्यावर. घरातल्या राउटरचा सिग्नल अंगण ओलांडेपर्यंतच दमतो आणि कॅमेऱ्याच्या छोट्या अँटेनाकडून या अंतराची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. नुसती तार ओढावी म्हटलं, तर नेटवर्क केबलची मर्यादा 100 मीटर. म्हणून मधलं अंतर वेगळ्या रेडिओंच्या जोडीवर सोपवायचं. एक छतावर, दुसरा विहिरीच्या खांबावर, दोन्हींची तोंडं एकमेकांकडे. राउटर चहूकडे सिग्नल फेकतो, हे रेडिओ तीच ताकद बॅटरीच्या झोतासारखी एका दिशेला देतात. कॅमेरा खांबावरच्या रेडिओला साध्या केबलनं जोडायचा. म्हणजे कॅमेरा तारेवरच चालतो, हवेतून जातो तो फक्त मधला टप्पा.

आता समोरचं छत दिसलं, तरी तेवढ्यावर थांबू नका. लहरी दोन टोकांच्या मधोमध फुगलेल्या असतात. या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. 5.8 गिगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीच्या रेडिओला 600 मीटरच्या अंतरावर मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे 2.8 मीटर येते आणि त्यातली निदान 60 टक्के मोकळी लागते. सोप्या शब्दांत, एका अँटेनापासून दुसऱ्यापर्यंतची सरळ रेषा मधल्या झाडाच्या शेंड्यापासून किंवा गोठ्याच्या पत्र्यापासून पावणेदोन मीटर तरी वर हवी. पानांत पाणी असतं आणि पाणी हा सिग्नल शोषून घेतं. त्यामुळे झाडं उघडीबोडकी असताना जुळवलेली लिंक पालवी फुटल्यावर कमजोर होते, पाऊस पडून पानं भिजली की आणखी. पाहणी करायची ती झाडं पूर्ण भरलेली असताना.

दिशा जुळवायला दोन माणसं लागतातच. मी छतावर होतो, धाकटा भाऊ विहिरीच्या खांबाला लावलेल्या शिडीवर, दोघांचे फोन चालू. रेडिओ सिग्नलची ताकद डेसिबलच्या वजा आकड्यात दाखवतो, शून्याच्या जितकं जवळ तितकी चांगली.

"दादा, किती?"

"वजा 71. अजून डावीकडे घे, पण दमानं."

"आता?"

"64... 57... आता 60. थोडं मागे ये. हां, आता वर-खाली बघ."

इथे घाई करू नये. आकडा बदलायला काही सेकंद लागतात, तेवढं थांबून मगच पुढे सरकवायचं. आणि पहिला चांगला आकडा दिसला की लगेच नट आवळायचा नाही. अँटेनाच्या मुख्य झोताशेजारी छोटे झोतही असतात आणि तिथेही आकडा वर चढून फसवतो. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून घ्यायचं, मग खरा शिखराचा आकडा कळतो. आमचा वजा 57 ला बसला. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल 6 डेसिबलनं पडतो, भिजलेल्या पानांनी आणखी पडतो, म्हणून वाईट हवेसाठी हाताशी राखीव डेसिबल ठेवलेले बरे. खांब मात्र वाऱ्यात हलणारा नको. बारीक पाइपपेक्षा जाड आणि ताण दिलेला कधीही चांगला.

विहिरीवर वीज सतत नसते, म्हणून सोलर. कॅमेरा आणि रेडिओ मिळून रात्री इन्फ्रारेड दिवे चालू असताना 12 वॅट धरा. दिवसाला 288 वॅट-तास झाले. ढगाळ तीन दिवस निघावेत म्हणून 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि 150 वॅटचं पॅनल. पॅनल मोठंच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण ढग सरल्यावर रोजचा खर्च भागवून रिकामी बॅटरीही त्यालाच भरायची असते. काही रेडिओ 24 व्होल्टवर चालतात, कॅमेऱ्यांच्या पीओईला, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीला, साधारण 48 लागतात. केबलमध्ये ही वीज सोडणाऱ्या डबीची, इंजेक्टरची, अदलाबदल झाली तर रेडिओ जळू शकतो, तेव्हा दोन्हींवर रंगीत टेप लावून ठेवा.

कॅमेरा निवडताना लोक झूमच्या मागे लागतात. निगराणी कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी 62676-4 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीत सरळ हिशोब दिला होता. अनोळखी माणसाची ओळख पटायला चित्रात मीटरमागे 250 पिक्सेल लागतात, नुसतं कोणीतरी आहे एवढं कळायला 25 पुरतात. 4 मेगापिक्सेलचं चित्र 2560 पिक्सेल रुंद असतं. म्हणजे चेहरा हवा असेल तर चौकटीत जेमतेम 10 मीटर रुंदी बसते. एकाच रुंद कॅमेऱ्यात सगळा परिसर आणि चेहरेही मिळतील ही आशा सोडा. रुंद लेन्सचा कॅमेरा हालचालीसाठी ठेवा आणि 12 मिलिमीटरच्या, अरुंद दृश्य जवळ आणणाऱ्या लेन्सचा एक फक्त पायवाटेवर रोखा.

रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, लेन्ससमोर जाळं विणतो आणि फोन रात्रभर खोट्या इशाऱ्यांनी वाजत राहतो. इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर लांब वेगळा लावला की हा त्रास खूप कमी होतो.

रेकॉर्डिंग घरातल्या एनव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या डबीवर ठेवा. 2 मेगाबिटचा एक कॅमेरा दिवसाला साधारण 22 जीबी खातो, त्यावरून डिस्कचं माप काढता येतं. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. 2016 मधल्या मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरनं अशाच न बदललेल्या पासवर्डांतून लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती आणि त्यांत कॅमेरे बरेच होते. उंच खांब म्हणजे विजेला आमंत्रण, तेव्हा अर्थिंग आणि केबलच्या दोन्ही टोकांना विजेचा झटका अडवणारे सर्ज प्रोटेक्टर यांत काटकसर नको.

शेताच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचं काम अजून बाकी आहे. मध्ये जमिनीचा चढ येतो, फाटकावरून छत दिसत नाही. विहिरीचा खांब मात्र दोन्हीकडून दिसतो, म्हणून तिथेच दुसरी जोडी वेगळ्या चॅनेलवर बसवायची आहे. पॅनल मोठं घेतल्याचा उपयोग आता तिथे होईल.