वाडा अपडेट: रिकाम्या फाईलचं वजन ५८ एमबी!

मंडळी, महिनाभर इथे काही टाकलं नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच, नुसती चिडचिड होती. काल रात्री पावणेदोनला वाड्याच्या मॉडेलची ऑटोकॅड फाईल २.४ एमबीवर आली आणि घरात सगळे ढाराढूर झोपलेले, सांगणार कोणाला, म्हणून तुम्हालाच छळतो.

मागच्या वेळी सांगितलं होतं तसं, वाड्याची दर्शनी बाजू, चौक आणि माडी एवढं काढून झालंय, १:५० च्या मॉडेलसाठी ३ एमएम एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाची दाबलेली शीट) लेझरने कापायचंय. फाईल झाली होती ७८ एमबी. अंबडचा लेझरवाला म्हणाला, "दादा, तुमची फाईल उघडेपर्यंत माझ्या दोन नेमप्लेट कापून होतात." माणूस चांगला आहे, कट साफ देतो, पण शनिवारी गेलात तर गर्दी असते आणि मग तो कडा जाळतो, सकाळी लवकर जा.

पहिला संशय अर्थातच माझ्या नक्षीदार ब्रॅकेटवर. फोटोवरून इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केलेलं एक ब्रॅकेट, त्यात मोर आणि खाली कमळ, मोजले तर १८ हजार बिंदू! अशी ५६ ब्रॅकेट, आणि लेझरवाल्याने मागे "ब्लॉक नको" म्हटलं होतं (ब्लॉक म्हणजे एकदाच काढून हवा तितक्या वेळा वापरायचा आकार) म्हणून मी शहाण्याने सगळी एक्सप्लोड करून, म्हणजे सुट्या रेघांत फोडून ठेवलेली. म्हणजे दहा लाख बिंदू, एका बिंदूचे एक्स-वाय मिळून १६ बाइट, झाले १६ एमबी. आता लेझरची रेघच साधारण ०.२ एमएम जळते, १:५० ला म्हणजे खऱ्या वाड्यावर १ सेंटीमीटर, मग मोराच्या पिसावर अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर बिंदू ठेवून मी कोणाला दाखवणार होतो? इंकस्केपचं सिम्प्लिफाय वापरून पाहिलं, त्याने मोराची चोच गोल करून टाकली, बदक झालं. शेवटी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये डग्लस-प्यूकर (आकार राखून जास्तीचे बिंदू गाळायची पद्धत) लावलं, टॉलरन्स, म्हणजे रेघ किती हलू द्यायची ते, २.५ एमएम, १८ हजारांचे ६४० बिंदू राहिले आणि चोच शाबूत. परत एकच ब्लॉक केला, ५६ वेळा इन्सर्ट. फाईल ६१.

हा झाला सोपा भाग. पुढे तीन आठवडे ती ६१ वरून हललीच नाही.

पर्ज, म्हणजे फाईलमधल्या न वापरलेल्या गोष्टी काढणं, तर सगळेच करतात. ऑडिट (चुका दुरुस्त करणं) केलं, ओव्हरकिल (एकावर एक आलेल्या रेघा काढणं) केलं, डॅश लावून पर्ज मारून रेगॅप्स (इतर प्रोग्रॅमच्या नावांच्या नोंदी) काढले (साध्या पर्जच्या डायलॉगमध्ये हे दिसत नाहीत हे नवीन लोकांनी लक्षात ठेवा), स्केल लिस्ट रीसेट केली, आयसेव्हपर्सेंट ही सेटिंग ५० ची शून्य केली म्हणजे दर सेव्हला पूर्ण फाईल नव्याने लिहिली जाते. सगळं मिळून दीड एमबी गेलं असेल. मग वैतागून कॉपी काढली, सगळं सिलेक्ट, डिलीट, पर्ज, सेव्ह. समोर काळी स्क्रीन, एक रेघ नाही, आणि साइज ५८ एमबी. झिप केली तर तेवढीच, कारण ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाईल २००४ च्या फॉरमॅटपासून आतून कॉम्प्रेस्डच असते.

बरं, हे सगळं रविवारी भावाच्या ऑफिसमध्ये, तिथे जुना ऑटोकॅड २०१३ आहे. घरी लिब्रेकॅड, फुकटातलं कॅड. तिथून एक डोकं चाललं की डीडब्ल्यूजीच्या आत बघता येत नाही, पण त्याच ड्रॉइंगची डीएक्सएफ काढली तर ती साधी टेक्स्ट असते. रिकामी फाईल डीएक्सएफ म्हणून सेव्ह केली, ३०० एमबीच्या वर गेली, नोटपॅडने मान टाकली. मग पायथनमध्ये दहा ओळी लिहून कुठल्या सेक्शनमध्ये किती ओळी ते मोजलं. हेडर, टेबल्स, ब्लॉक्स, एंटिटीज सगळे किरकोळ, आणि ऑब्जेक्ट्स सेक्शन संपता संपत नाही. त्यात पानोपानी एकच डिक्शनरी: अ‍ॅकॅड डीजीएन लाइनस्टाइल कॉम्प.

डीजीएन म्हणजे मायक्रोस्टेशन या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरचा फॉरमॅट. मी जन्मात मायक्रोस्टेशन उघडलेलं नाही! मग आठवलं, साइट प्लॅनसाठी एका ओळखीच्या सर्व्हेवाल्याकडून नदीकाठचं ड्रॉइंग घेतलं होतं आणि त्यातली निळी पूररेषा कॉपी-पेस्ट केली होती. एकच पॉलिलाइन, म्हणजे सलग जोडलेली रेघ. ती कधीतरी डीजीएनमधून आलेली, तिच्यामागून लाइनस्टाइलचा (रेघेच्या नमुन्यांचा) सगळा गोतावळा आला आणि रेषा डिलीट केली तरी तो जात नाही. द्राक्षाच्या घडात एक मणी सडावा तसं, ज्या फाईलमध्ये ती रेषा पेस्ट केली त्या सगळ्या नासल्या, माझी टेम्प्लेटसुद्धा. नाशकात पूर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, मला तो एमबीत मोजायला लागला.

यासाठी ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने तेव्हा हॉटफिक्स (दुरुस्तीचा छोटा प्रोग्रॅम) काढला होता, पण भावाच्या ऑफिसमध्ये काही इन्स्टॉल करायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो कोणालाच माहीत नाही. म्हणून जुना जुगाड: पूररेषेची लाइनटाइप साधी कंटिन्युअस केली आणि सगळं आर१२ (ऑटोकॅडची फार जुनी आवृत्ती) डीएक्सएफमध्ये सेव्ह केलं. आर१२ मध्ये ऑब्जेक्ट्स सेक्शनच नसतो, त्यामुळे ही घाण लिहायला जागाच नाही. उघडलं, २०१३ फॉरमॅटला परत सेव्ह केलं: २.६ एमबी. खुर्चीतून उठून नाचलो.

आणि मग आनंदाच्या भरात तेच सगळं उचलून माझ्या नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये पेस्ट केलं. ६० एमबी. हो, त्याच नासक्या टेम्प्लेटमध्ये. दहा मिनिटं नुसता बसून राहिलो, मग चहा केला. कोरी टेम्प्लेट नव्याने बनवून लेअर हाताने टाकले, परत एकदा पर्ज, तेव्हा कुठे २.४.

आर१२ फुकटात मिळत नाही हेही सांगतो. माझे हॅच (आतल्या भरावाच्या रेघा) सगळे ब्लॉक झाले, महिरपीचे स्प्लाइन (वळणदार रेघा) पॉलिलाइन झाले (लेझरला तसंही तेच हवं असतं), लेअरची लांबलचक नावं तुटली कारण तिथे ३१ अक्षरांची मर्यादा, स्पेस चालत नाही. आणि 'ओसरी', 'दिवळी', 'माजघर' अशी मी हौसेने देवनागरीत लिहिलेली नावं नुसते ठोकळे होऊन बसली. परत टाइप केली, एक तास गेला.

आता हे लिहिता लिहिता वाटतंय की साइट प्लॅन मास्टर फाईलमध्ये हवाच कशाला? एक्सरेफ करतो, म्हणजे वेगळी फाईल नुसती जोडतो, वाडा वेगळा, नदी वेगळी. आणि आधी ठरवलं होतं की कटिंग फाईल हाताने वेगळी काढायची, तेही नको, पायथनमध्ये ईझेडडीएक्सएफ म्हणून लायब्ररी आहे, ब्लॉक फोडून फक्त कटिंगचे लेअर आर१२ मध्ये काढणारी स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे मास्टरमध्ये ब्लॉक शाबूत आणि लेझरवाला खूश. जमली तर इथे टाकेन.

कटिंगची तात्पुरती डीएक्सएफ आज पाठवली, १.९ एमबी. त्याचा रिप्लाय आला, "उघडली. मोर आहे का बदक?" म्हणजे चोच परत बघायला लागणार, टॉलरन्स १ एमएम करून बघतो. एमडीएफची शीट पलंगाखाली पडून आहे, दमट हवेने वाकली नसेल तर रविवारी सकाळी अंबड.