पोर्ट, नॉरवुड आणि न मिटणारा हिशेब

शनिवार, रात्री

ॲडलेडमध्ये स्थायिक झाल्यापासून ज्या भांडणाविषयी मी सर्वाधिक ऐकत आलो आहे, ते राजकारणाचे नाही आणि जमिनीचेही नाही. ते पोर्ट ॲडलेड आणि नॉरवुड या दोन फुटबॉल क्लबांचे आहे. आज दुपारी शेजारच्या आजींबरोबर नॉरवुडच्या मैदानावर सामना पाहिला. समोर खेळणारा क्लब तिसराच होता, तरी मध्यंतरात आजी बोलल्या त्या पोर्टविषयीच, आणि त्याही एखाद्या भाऊबंदकीतल्या दाव्याची तारीख उद्यावर असावी इतक्या तपशिलाने.

येथे फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. लंबवर्तुळाकार मैदान, प्रत्येक बाजूला 18 खेळाडू, लांबट चेंडू. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण आणि बाजूच्या खांबापर्यंतच्या फटीतून गेला तर एक. दक्षिण ऑस्ट्रेलियाची स्थानिक लीग 1877 साली सुरू झाली. सगळे तिला एसएएनएफएल म्हणतात. पोर्ट क्लब तिच्याही आधीचा, 1870 चा. नॉरवुड 1878 साली आला आणि आल्या आल्या ओळीने सहा वर्षे अजिंक्य ठरला. ती मालिका 1884 साली मोडली, आणि मोडणारा क्लब अर्थातच पोर्ट होता. पुढे 1889 साली दोघे गुणतक्त्यात बरोबरीने अव्वल राहिले, म्हणून निर्णयासाठी एक जादा सामना खेळवावा लागला. ग्रँड फायनल नावाच्या प्रकाराची सुरुवात येथे त्याच सामन्यापासून मानतात. तो नॉरवुडने जिंकला. आजी हा सामना स्वतः पाहिल्यासारखा सांगतात.

या वैराला भूगोल आहे. पोर्ट ॲडलेड हे शहराच्या वायव्येचे बंदर. गोदी कामगार, गोदामे, खारे वारे आणि कामगार संघटना यांचे ते गाव. क्लबचे अल्बर्टन येथील मैदान 1880 पासूनचे. नॉरवुड शहराच्या पूर्वेला, टेकड्यांच्या बाजूला. ‘परेड’ या त्याच्या मुख्य रस्त्यावर दुकाने आणि कॅफे आहेत आणि तेथेच 1901 पासून क्लबचे मैदान आहे. पोर्टचे लोक नॉरवुडकरांना पांढरपेशे समजतात. आजींना याचा राग येतो आणि तो मला रास्त वाटतो. त्या लहानपणी आईवडिलांबरोबर इटलीहून बोटीने आल्या. महायुद्धानंतर नॉरवुडमध्ये अशी पुष्कळ इटालियन कुटुंबे उतरली. वडील मोलमजुरी करीत, घरात इंग्रजी कोणालाच येत नव्हते, आणि शाळेतल्या मुलींनी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारले ते नाव नव्हते, क्लब कोणता हे होते. गल्लीने नॉरवुड म्हटले म्हणून त्यांनीही नॉरवुड म्हटले. आणि नॉरवुड म्हटल्यावर पोर्टचा द्वेष करणे ओघानेच आले. परक्या मुलखात माणूस कधी आपला होतो, याच्या पुष्कळ व्याख्या मी वाचल्या आहेत. तेथला शत्रू आपला शत्रू झाला की, ही आजींची व्याख्या मला त्या सगळ्यांहून पटते. मी स्वतः कोल्हापूरच्या पेठेत वाढलो. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम या फुटबॉल संघांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की त्या दिवशी घरात कोणत्या बाजूचा पाहुणा आला आहे हे पाहून चहा टाकला जाई, त्यामुळे मला यातले काही समजावून सांगावे लागले नाही.

दुसरी बाजू मला माझ्या कचेरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून कळते. त्यांचे वडील पोर्टच्या गोदीत होते. घरात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची जर्सी देव्हाऱ्यासारखी भिंतीवर असे. हे रंग क्लबने 1902 साली घेतले. उभ्या पट्ट्यांमुळे त्या जर्सीला तुरुंगाचे गज म्हणतात. फॉस विल्यम्स 1950 साली पोर्टचे प्रशिक्षक झाले आणि 1954 ते 1959 अशी ओळीने सहा अजिंक्यपदे क्लबने मिळवली. त्यांतले शेवटचे जेफ मॉटली यांच्या हाताखाली. सहा हा आकडा पाहा. नॉरवुडचेही सहाच होते. कोणते सहा मोठे, यावर आजी आणि माझे सहकारी कधी भेटले नसतानाही माझ्यामार्फत वाद घालतात. सहकारी म्हणतात की 1878 साली लीगमध्ये खेळणारे होते तरी कोण. आजी म्हणतात की पहिल्यांदा जिंकणे सर्वांत कठीण असते. मी मध्ये निरोप्या.

त्यांच्या आठवणींत मला एक लक्षणीय गोष्ट आढळते. जिंकलेल्या सामन्याचा शेवट दोघांनाही आठवतो. हरलेल्या सामन्याचा प्रत्येक टप्पा आठवतो. 1984 ची ग्रँड फायनल घ्या. नॉरवुड तक्त्यात पाचवा होता. पाचव्या क्रमांकाच्या संघाला अजिंक्यपदापर्यंत चार बाद सामने ओळीने जिंकावे लागत, आणि तोपर्यंत या लीगमध्ये ते कोणाला जमले नव्हते. नील बाम यांच्या संघाने ते केले आणि अंतिम सामन्यात पोर्टला 9 गुणांनी हरवले. पोर्टचे प्रशिक्षक होते रसेल एबर्ट, लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे मॅगारी पदक चार वेळा जिंकलेले एकमेव खेळाडू. आजींना त्या दिवसाचे काय आठवते, तर शिट्टी, मिठ्या आणि परेडवरची रात्र. सहकाऱ्यांना मात्र आपण कोठे उभे होतो, कोणता फटका खांबांच्या बाहेरून गेला, शेजारचा माणूस काय पुटपुटला, घरी जाताना आगगाडीच्या डब्यात कोण कोण गप्प होते, हे सर्व आठवते. चार वर्षे मागे जाऊन 1980 विषयी विचारावे तर भूमिका नेमक्या उलट होतात, कारण ती ग्रँड फायनल पोर्टने नॉरवुडविरुद्ध जिंकली होती. एबर्ट यांच्याविषयी मात्र आजींनी कधी वावगा शब्द काढला नाही. 2021 साली ते गेले तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले की असा माणूस त्या बाजूला जन्मावा हा अन्याय आहे.

त्या 1984 च्या सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचे जॅक ओटी पदक मिळाले ते नॉरवुडच्या कीथ थॉमस यांना. तेच कीथ थॉमस 2011 साली पोर्ट ॲडलेड क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि जवळजवळ दशकभर त्या पदावर राहिले. हे मी कल्पनेने रचले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता. सहकारी त्यांच्याविषयी आदराने बोलतात. आजी विषय बदलून हवामानाविषयी बोलतात.

परंतु या सगळ्याहून खोल जखम मैदानाबाहेरची आहे, आणि ती 1990 ची. त्या वर्षी व्हिक्टोरियाची लीग ‘एएफएल’ हे राष्ट्रीय नाव घेऊन उभी राहिली होती. आपण 1993 पर्यंत तिच्यात जायचे नाही, असे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या दहाही क्लबांनी आपसांत ठरवले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच कळले की पोर्टने एकट्याने एएफएलशी बोलणी चालवली आहेत आणि ती बरीच पुढे गेली आहेत. प्रकरण न्यायालयात गेले, मनाई हुकूम आला, आणि घाईघाईने स्थानिक लीगने स्वतःचा एक सामाईक संघ पुढे केला. ॲडलेड क्रोज हा संघ असा जन्मला आणि 1991 साली एएफएलमध्ये उतरला. पोर्टला 1997 पर्यंत थांबावे लागले.

आजींच्या मते ही दगाबाजी होती, साधी आणि सरळ. सहकाऱ्यांच्या मते राज्यातल्या सर्वांत यशस्वी क्लबने देशाच्या मंचावर जाण्याची इच्छा धरली, यात गुन्हा कोणता? मी दोघांचे ऐकून घेतो. माझे मत असे की पोर्टची महत्त्वाकांक्षा खरी होती आणि तिची रीत वाईट होती. इतर नऊ क्लबांचा संताप खरा होता आणि त्यात थोडी धास्तीही मिसळलेली होती. क्रोजच्या मागे मग पोर्टवर चिडलेले सारे एकवटले, त्यांत नॉरवुडकरही आले, आजीही आल्या. पोर्ट एएफएलमध्ये उतरल्यावर 20 एप्रिल 1997 रोजी क्रोज आणि पोर्ट यांचा पहिला ‘शोडाउन’ झाला. पोर्टने तो 11 गुणांनी जिंकला. त्या दिवसापासून पोर्टच्या माणसाला नवा शत्रू मिळाला, अधिक मोठा, अधिक श्रीमंत, दूरचित्रवाणीवर दिसणारा.

नॉरवुडच्या वाट्याला आलेले दुःख हे आहे, आणि ते कोणी मोठ्याने सांगत नाही. वैरात माणूस हरणे सोसतो, जिंकून फुशारतो, पण आपण कोणाचे पहिल्या क्रमांकाचे शत्रू उरलो नाही हे त्याला सोसत नाही. पोर्टचा एक संघ स्थानिक लीगमध्येही खेळत राहिला होता. त्याच 1997 साली तिच्या ग्रँड फायनलमध्ये नॉरवुडने पोर्टला 73 गुणांनी धुतले. एवढा मोठा विजय; तरी आजी त्याविषयी 1984 इतक्या रंगून बोलत नाहीत. सहकाऱ्यांना मी त्या सामन्याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले की तो आपण पाहिलाच नाही, त्या वर्षी आपले लक्ष दुसरीकडे होते. हे उत्तर मी आजींना अजून सांगितलेले नाही. एका घावाने मेलेल्या शत्रूपेक्षा आपल्याकडे न पाहणारा शत्रू अधिक लागतो. दोनच वर्षांनी, 1999 साली, पोर्टने नॉरवुडला हरवून अजिंक्यपद परत मिळवले. तो सामना सहकाऱ्यांना बरोबर आठवतो.

त्यानंतर पोर्टला स्थानिक लीगमध्ये अजिंक्यपद मिळालेले नाही. आता तेथे खेळतो तो एएफएल क्लबचा राखीव संघ. 2014 पासून तसे झाले. आजींना वाटले होते की त्यामुळे या सामन्यांतला जीवच जाईल. घडले ते निराळे. त्याच 2014 सालच्या ग्रँड फायनलमध्ये, ॲडलेड ओव्हलवर, नॉरवुड आणि पोर्ट समोरासमोर आले आणि नॉरवुडने 4 गुणांनी सामना मारला, शिवाय ओळीने तिसरे अजिंक्यपद. माझे सहकारी त्या दिवशी मैदानात होते. शोडाउनची तिकिटे खिशात बाळगणारा हा माणूस राखीव संघाच्या त्या पराभवाविषयी आजही बोलताना आवाज चढवतो. मला त्यांचा तो आवाज ऐकून बरे वाटते, आणि आजींना तर मी तो जसाच्या तसा पोहोचवतो.

आज मैदानावरून परतताना आजींनी पुन्हा हिशेब मांडला. पोर्टची अजिंक्यपदे 36. नॉरवुडची 31, त्यांतले शेवटचे 2022 चे. पाचचे अंतर आपल्या हयातीत भरून निघेल, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्या ऐंशीच्या पुढे आहेत. सहकारी यात 2004 चे एएफएल अजिंक्यपद मिळवून 37 म्हणतात. त्या संघाचे प्रशिक्षक मार्क विल्यम्स हे फॉस विल्यम्स यांचेच चिरंजीव, त्यामुळे ते आमच्याच घरातले, असा त्यांचा दावा. आजी तो फेटाळतात आणि उलट युद्धकाळाचा मुद्दा काढतात. 1942 ते 1944 या काळात खेळाडू सैन्यात गेल्यामुळे क्लब जोडीजोडीने खेळले. पोर्ट आणि वेस्ट टॉरेन्स यांची जोडी 1942 ला जिंकली, नॉरवुड आणि नॉर्थ ॲडलेड यांची 1943 आणि 1944 ला. अधिकृत यादीत ही तिन्ही वर्षे कोणाच्याच नावावर धरत नाहीत. आजींचे म्हणणे की दोन जोड-अजिंक्यपदांचे अर्धे अर्धे मिळून नॉरवुडला एक पूर्ण द्यावे, म्हणजे 32 होतात. सोमवारी कचेरीत हे सांगितले तर सहकारी 1942 चे अर्धे मागणार आणि साडेछत्तीस म्हणणार, हे मला आताच दिसते आहे. एएफएलचे एक धरून साडेसदतीस.