आईच्या मनात शिरायचं नाही
आज दिवसभर माझ्या कथेतल्या एकाच प्रसंगाशी झगडत होते. आई, मुलगी, बंद खोली, भांडण. कथा तृतीयपुरुषी, म्हणजे ‘मी’ऐवजी ‘ती’ म्हणत सांगितलेली, पण नजर मुलीची. तरी तिसऱ्या परिच्छेदात लिहून बसले होते, ‘आईला अपराधी वाटलं.’ मुलीला हे कळणार कसं? तिला दिसतात ते फक्त एकाच चादरीची पुन्हा पुन्हा घडी घालणारे आईचे हात. वाक्य खोडलं, हात ठेवले आणि प्रसंगात एकदम जीव आला. मग मुलीबद्दलचं ‘तिचा चेहरा लाल झाला’ हेही काढलं. स्वतःचा चेहरा कुठे दिसतो? कानशिलं तापलेली मात्र जाणवतात. सर्वज्ञ निवेदकाला दोघींच्याही मनात शिरता येतं, मान्य. पण या कथेत मला आईचं मन बंदच हवंय. मुलगी लहानपणापासून त्याच दारापाशी उभी आहे.